वाट पाहिलेला चित्रपट आणि आलेला चित्रपट: कोल्हापुरातील चाहत्यांच्या एका गटाचा प्रकरण अभ्यास

'स्टार वॉर्स' मालिकेतील आठवा भाग, 'द लास्ट जेडाय', १५ डिसेंबर २०१७ रोजी भारतात प्रदर्शित झाला. त्यानंतर महिनाभरातच कोल्हापुरातील चाहत्यांच्या एका जुन्या गटात इतकी फूट पडली, की वर्षानुवर्षे एकत्र बसून चित्रपट पाहणारी माणसे एकमेकांच्या घरी जाईनाशी झाली. या चित्रपटावरून जगभर जे घडले त्याचीच ही लहानशी आवृत्ती होती, असे म्हणून विषय सोडून देता आला असता. मात्र लहान गटाचा एक फायदा असतो: प्रत्येकाला समोर बसवून नेमके कशावरून बिनसले हे विचारता येते, आणि मिळालेले उत्तर चित्रपटाशी ताडून पाहता येते. मी चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेतो; त्या ओळखीतून गटाने मला मध्यस्थीसाठी बोलावले आणि पुढे बऱ्याच बैठकांना मी हजर राहिलो. ही नोंद त्या बैठकांवर आधारलेली आहे. सभासदांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

गट आणि त्यातील माणसे

राजारामपुरीतील एका सभासदाच्या घराचा वरचा मजला ही गटाची जागा. पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर, खाली सतरंजी, दर एक-दोन महिन्यांनी एखादा चित्रपट आणि त्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा, असा शिरस्ता होता. गटात सर्वांत ज्येष्ठ होते ते शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे काका म्हणतात. १९७७ चा पहिला 'स्टार वॉर्स' त्यांनी ऐंशीच्या दशकात भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला होता. त्यांच्या खालोखाल गडहिंग्लजचे एक माध्यमिक शिक्षक, ज्यांनी चित्रपटांइतक्याच या मालिकेवरच्या इंग्रजी कादंबऱ्या मिळवून वाचल्या आहेत. इचलकरंजीहून येणाऱ्या सहकारी बँकेतील अधिकारी, ज्यांना गटात ताई म्हणतात, १९९९ ते २००५ या काळातील तीन चित्रपटांपासून मालिकेत आल्या. मंगळवार पेठेतील दोघे सख्खे भाऊ होते. थोरला पुण्यात नोकरीला, धाकटा त्या वेळी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. याखेरीज वास्तुरचनेची एक विद्यार्थिनी, शाहूपुरीतील एक व्यापारी आणि अधूनमधून येणारे काही जण.

काकांनी कारखान्यातल्या लेथवर ॲल्युमिनियमचा दांडा चढवून लाइटसेबरची, म्हणजे मालिकेतील प्रकाशाच्या पात्याच्या तलवारीची, मूठ कातलेली आहे. ती मी हातात घेऊन पाहिली. पकडीच्या भागावर नर्लिंगच्या बारीक खाचा आहेत, बटणाच्या जागी पितळी स्क्रू बसवला आहे, आणि वजन हाताला जाणवेल एवढे आहे. मूळ चित्रपटातील मूठ ग्राफ्लेक्स या जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या नळकांड्यापासून बनवली होती, हे काकांना ठाऊक आहे, आणि आपली मूठ त्या मापाच्या किती जवळ गेली हे ते व्हर्नियर लावून दाखवतात. ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला, त्या गावात यात फार नवल नाही. पण गटात या वस्तूला मान होता, आणि पुढच्या भांडणात तिचा उल्लेख वारंवार आला, म्हणून ती येथे नोंदवली.

वाद कसा पेटला

आधीचा भाग, 'द फोर्स अवेकन्स', अमेरिकेत १८ डिसेंबर २०१५ रोजी आला, पण भारतात त्याच दिवशी 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' लागणार असल्याने तो आठवडाभर मागे ढकलून २५ डिसेंबरला आणण्यात आला. दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी त्या भागात तीन प्रश्न उघडे ठेवले होते. नायिका रे हिचे आईवडील कोण, स्नोक हा खलनायक आला कुठून, आणि मूळ तीन चित्रपटांचा नायक ल्यूक स्कायवॉकर सगळे सोडून एका दूरच्या बेटावर का जाऊन बसला. शेवटच्या दृश्यात रे त्या बेटावर पोहोचते, ल्यूकची जुनी लाइटसेबर त्याच्यापुढे धरते, तो काहीच बोलत नाही, आणि चित्रपट संपतो. त्या एका नजरेवर चाहत्यांनी पुढची दोन वर्षे काढली.

आठव्या भागाचे लेखक-दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी ती नजर जिथे थांबली होती तिथूनच पुढे नेली. ल्यूक लाइटसेबर हातात घेतो आणि खांद्यावरून मागे भिरकावून देतो. रेचे आईवडील कोणीच नव्हते, दारूच्या पैशांसाठी त्यांनी पोरीला विकले, असे तिला सांगितले जाते. स्नोक कोण होता हे कळण्याआधीच त्याचा शिष्य कायलो रेन त्याला कापून काढतो. कोल्हापुरातील मल्टिप्लेक्समध्ये गटाने पहिल्याच दिवशी एकत्र जाऊन हा खेळ पाहिला. ल्यूकने लाइटसेबर फेकली तेव्हा थिएटरात हशा पिकला आणि त्याच हशाला गटातल्या निम्म्या लोकांनी अपमान मानले, असे सगळेच सांगतात. मध्यंतरात धाकटा भाऊ थोरल्याला म्हणाला, "दादा, दोन वर्षं आम्ही झक मारली काय?" वादाचे पहिले वाक्य हेच.

यानंतर एक साधी, व्यावहारिक गोष्ट घडली आणि माझ्या मते तिने वाद चिघळवला. २२ डिसेंबरला 'टायगर जिंदा है' आला. त्या वेळी 'देवा' आणि 'गच्ची' या मराठी चित्रपटांना पडदे मिळत नाहीत म्हणून राज्यात मोठा गदारोळ झाला. जिथे मराठी चित्रपटांची ही गत, तिथे आठवडाभर जुन्या इंग्रजी चित्रपटाला कोण विचारतो? गावाने स्वतःला कलापूर म्हणवून घ्यायचे आणि चित्रपट दुसऱ्यांदा पाहायचा तर पुण्याची गाडी धरायची, हे आता अंगवळणी पडले आहे. परिणाम असा, की गटातील बहुतेकांनी चित्रपट एकदाच पाहिला. नंतरचे दोन-अडीच महिने ते भांडत राहिले ते त्या एका पाहण्याच्या आठवणीवर, आणि त्या आठवणीत हळूहळू यूट्यूबवरच्या संतापलेल्या परदेशी समीक्षकांचे बोलणे मिसळत गेले.

आकड्यांची लढाई

व्हॉट्सॲपच्या गटावर दोन्ही बाजूंनी आकडे येऊ लागले. आकडे खरे होते, पण कोणता आकडा काय मोजतो हे कोणी पाहत नव्हते. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांचा कौल नव्वद टक्क्यांच्या वर आणि प्रेक्षकांचा पन्नासच्याही खाली होता. दुसरीकडे सिनेमास्कोर या संस्थेने पहिल्या दिवशी अमेरिकेतील थिएटरांतून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून घेतलेल्या मतात चित्रपटाला 'ए' श्रेणी मिळाली होती. एकच चित्रपट, एकच प्रेक्षकवर्ग, आणि दोन उलटे निकाल कसे? उत्तर मोजण्याच्या रीतीत आहे. सिनेमास्कोर तिकीट काढून आलेल्यांनाच विचारते, तेही बाहेर पडताक्षणी. त्यात पहिल्या दिवशी धावत येणाऱ्यांचा उत्साह मिसळलेला असतो. रॉटन टोमॅटोजच्या प्रेक्षक-कौलात त्या काळी कोणीही, कितीही उशिरा, तिकीट न दाखवता मत देऊ शकत असे. तिकिटाची खातरजमा तिथे २०१९ मध्ये सुरू झाली. म्हणजे पहिला आकडा लगेचच्या प्रतिक्रियेचा, दुसरा घरी जाऊन विचार केलेल्यांचा, रागावलेल्यांचा आणि क्वचित चित्रपट न पाहिलेल्यांचाही. अभ्यासक मॉर्टन बे यांनी दिग्दर्शकाला उद्देशून केलेली ट्वीट २०१८ मध्ये तपासली, तेव्हा नकारात्मक ट्वीट साधारण पाचात एक निघाली, आणि त्यांतलीही निम्म्याहून अधिक बॉट, टवाळखोर किंवा राजकीय हेतूने लिहिणाऱ्यांची होती.

गल्ल्याचेही तसेच. चित्रपटाने जगभरात सुमारे १३३ कोटी डॉलर मिळवले. आधीच्या भागाने सुमारे २०७ कोटी. "सत्तर कोटी घसरले, लोकांनी नाकारला," असे धाकटा म्हणायचा. पण १९८० चा दुसरा भागही पहिल्याच्या मानाने कमीच चालला होता, आणि आज त्याला मालिकेतला सर्वोत्तम म्हणणारेच जास्त. दुसऱ्या शनिवार-रविवारी अमेरिकेतील कमाई सुमारे ६८ टक्क्यांनी उतरली, ही मात्र मोठी घसरण होती आणि ती नुसत्या नाताळच्या सुट्ट्यांनी झाकता येत नाही. मी गटाला एवढेच सांगितले, की या आकड्यांवरून चाहते दुभंगले हे नक्की कळते. कोणत्या रेषेवर दुभंगले हे त्यांतून कळत नाही.

फूट पडली तो दिवस

चित्रपटावरून शब्दाला शब्द लागला तरी गट फुटला नव्हता. तो फुटला जानेवारीत, एका फॉरवर्डवरून. शाहूपुरीच्या व्यापाऱ्याने रोझ या पात्राची भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रॅन हिच्या रंगरूपाची टवाळी करणारा व्हिडिओ गटावर टाकला. खाली दोघा-तिघांनी हसण्याची चिन्हे टाकली. ताईंनी विचारले, "हा व्हिडिओ तुम्ही वरच्या मजल्यावर, माझ्यासमोर लावला असता का?" उत्तर आले नाही, आली ती आणखी एक टवाळी. ताईंनी गट सोडला, विद्यार्थिनीने त्याच रात्री सोडला, आणि ज्यांना चित्रपट आवडला ते एका बाजूला, न आवडलेले दुसऱ्या बाजूला, अशी सोयीची पण खोटी विभागणी तयार झाली. खोटी अशासाठी, की चित्रपट अजिबात न आवडलेल्या गडहिंग्लजच्या सरांनाही तो व्हिडिओ किळसवाणा वाटला होता, पण ते गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावला.

ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी ठेवतो. चित्रपटावरचे आक्षेप आणि त्यातल्या बाईमाणसांवरचे, आशियाई चेहऱ्यावरचे आक्षेप एका पिशवीत भरले, की पहिल्यांची दखल कोणी घेत नाही आणि दुसऱ्यांना आडोसा मिळतो. जून २०१८ मध्ये त्या अभिनेत्रीने सततच्या छळापायी इन्स्टाग्रामवरचे सगळे काही काढून टाकल्याची बातमी आली. व्यापाऱ्याने ती वाचून ताईंना फोन केला असे कळते. काय बोलणे झाले ते दोघांनीही सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

तपासणी

मार्चमध्ये चित्रपट डिजिटल आणि डिस्क स्वरूपात उपलब्ध झाला आणि घरी पाहता येऊ लागला. उन्हाळ्यात थोरल्या भावाने पुढाकार घेऊन सगळ्यांना पुन्हा एकदा राजारामपुरीत बोलावले, तेव्हा मला बोलावणे आले. मी दोन अटी घातल्या. चित्रपट लावण्यापूर्वी प्रत्येकाने एका कागदावर लिहून द्यायचे, की डिसेंबरात थिएटरात बसताना तुमच्या मनात कोणता चित्रपट होता. आणि चर्चेत ज्या दृश्यावर बोलायचे, ते आधी जसे घडते तसे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचे. त्यात मत मिसळायचे नाही.

सर्वांची समजूत अशी होती, की जुन्या चाहत्यांना चित्रपट आवडला नाही आणि नव्यांना आवडला. परदेशी लेखांतही हेच मांडले जात होते. कागद वाचल्यावर ती समजूत टिकली नाही. सर्वांत ज्येष्ठ काकांना चित्रपट मनापासून आवडला होता. सर्वांत तरुण धाकट्याला सर्वांत जास्त चीड आली होती. कागदांवरून दिसली ती रेषा वेगळीच होती. ज्याने दोन वर्षे वाट पाहत मनातल्या मनात आठवा भाग रचला होता, त्याला आलेला आठवा भाग परका वाटला. ज्याने तसा काही रचला नव्हता, त्याने समोर आलेला पाहिला.

धाकट्याचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. रे ही ल्यूकचा पहिला गुरू ओबी-वान केनोबी याच्या घराण्यातली, स्नोक हा जेडाय योद्ध्यांचे शत्रू असलेल्या जुन्या सिथ गुरूंपैकी एक, ल्यूक बेटावर बसून गुप्तपणे नवे जेडाय तयार करतो आहे. प्रत्येक तर्काला सातव्या भागातील दृश्यांचे दाखले जोडलेले. हे काम हुशारीचे होते, त्यात शंका नाही. चित्रपटाने त्यातला एकही प्रश्न त्याने मांडला तसा सोडवला नाही; प्रश्नच निकालात काढले. १९८० मध्ये खलनायक डार्थ व्हेडरने आपण ल्यूकचा बाप असल्याचे सांगितले तेव्हाही चाहत्यांना तीन वर्षे, १९८३ पर्यंत, तो खरे बोलला की खोटे यावर तर्क लढवावे लागले होते. फरक एवढाच, की तेव्हाच्या उत्तराने गोष्टीत भर पडली आणि तर्क करणाऱ्याला आपला वेळ सार्थकी लागल्यासारखा वाटला. या वेळचे उत्तर वजाबाकीचे होते. रे कोणाचीच नाही, हे उत्तर मला कथेच्या दृष्टीने अधिक धीट वाटते, पण धाकट्याची तक्रार समजायला मी त्याच्याशी सहमत असण्याची गरज नाही.

सरांचे दुखणे याहून जुने होते. १९९१ पासून निघालेल्या कादंबऱ्यांत ल्यूकने जेडाय परंपरा पुन्हा उभी केली, लग्न केले, त्याला मुलगा झाला. डिस्नेने २०१२ मध्ये सुमारे ४०५ कोटी डॉलरना लुकासफिल्म विकत घेतल्यावर, एप्रिल २०१४ मध्ये ती सगळी पुस्तके 'लेजंड्स' या नावाखाली अधिकृत कथेबाहेर काढण्यात आली. सरांनी ते कळूनही मनावर घेतले नव्हते. त्यांच्या कागदावर मोजक्या ओळी होत्या, आणि त्यांत ल्यूक आता नव्या पिढीचा गुरू म्हणून दिसेल असे लिहिले होते. त्यांच्यासमोर आला तो पराभूत, तुसडा, जगाशी संबंध तोडलेला म्हातारा. मार्क हॅमिल यांनीही ल्यूकच्या या चित्रणाबद्दलची नाराजी आधी उघड बोलून दाखवली होती आणि नंतर तसे जाहीर बोलल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. सर त्यांच्या नाराजीचा दाखला द्यायचे, काका दिलगिरीचा.

काकांच्या कागदावर एकच वाक्य होते: "माझी गोष्ट त्र्याऐंशीला संपली, आता मिळेल ते वरकड." ताईंनी आणि थोरल्याने सातवा भाग आठव्याच्या आदल्या आठवड्यात पाहिला होता, वाट पाहायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. अपवाद होता तो वास्तुरचनेच्या विद्यार्थिनीचा. तिनेही दोन वर्षे तर्क केले होते, आणि तिचा एकही तर्क बरोबर आला नव्हता, तरी तिला चित्रपट आवडला. तिने लिहिले होते, की तिला उत्तर हवे नव्हते, तर्क करण्याचीच मजा होती. म्हणून माझी रेषा ही नियम नव्हे, कल आहे.

एक दृश्य, तीन कथने

दुसऱ्या अटीने अधिक काम केले. सरांचा मुख्य आक्षेप हा, की ज्या ल्यूकने व्हेडरसारख्या बापावरही आशा सोडली नाही, तो झोपलेल्या भाच्यावर, म्हणजे पुढे कायलो रेन झालेल्या बेनवर, लाइटसेबर उगारेलच कसा. ते दृश्य सांगण्यास त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, की ल्यूक रात्री बेनच्या खोलीत जातो, त्याला मारायला शस्त्र पेटवतो, बेन जागा होऊन प्रतिकार करतो. थोरल्याने जवळजवळ तसेच सांगितले. ताईंनी अडवले: हे तर कायलोने सांगितलेले आहे.

चित्रपट पुन्हा लावला. त्यात तो प्रसंग तीनदा सांगितला जातो. पहिल्यांदा ल्यूक रेला अर्धवट सांगतो आणि आपली चूक गाळतो. त्यात शस्त्र पेटवल्याचा उल्लेखच नाही. दुसऱ्यांदा कायलो सांगतो, त्यात ल्यूकच्या डोळ्यांत वेड आहे आणि वार ठरलेला आहे. तिसऱ्यांदा रेने कोंडीत पकडल्यावर ल्यूक खरे सांगतो: बेनच्या मनातला अंधार पाहून क्षणभर, विचार करण्याआधी, हात शस्त्राकडे गेला, तो क्षण सावलीसारखा निघून गेला, मागे लाज उरली, आणि तेवढ्यात पोराने डोळे उघडून गुरूच्या हातातले पेटलेले शस्त्र पाहिले. थिएटरात एकदा पाहिलेल्या बहुतेकांना मधले, सर्वांत नाट्यमय कथन आठवत होते. नंतर पाहिलेल्या व्हिडिओंतही तेवढाच तुकडा फिरत होता.

भिंतीवर तिसरे कथन चालू असताना वरच्या मजल्यावर कोणी बोलत नव्हते. ते संपल्यावर सर म्हणाले, की असे असेल तर आक्षेपाची धार कमी होते, पण आक्षेप जात नाही. १९८३ च्या चित्रपटात खलनायक सम्राट पाल्पटीनसमोर स्वतःचे शस्त्र फेकून देणारा ल्यूक त्या एका क्षणाच्या पलीकडे गेलेला होता. यावर काकांनी बोट ठेवले ते त्याच दृश्यावर. ल्यूक शस्त्र तेव्हाही फेकतो, आताही फेकतो. तेव्हा बापाला मारायचे नव्हते म्हणून. आता या शस्त्रानेच आपल्या हातून घात होता होता राहिला म्हणून. मग त्यांनी तालमीतला दाखला दिला. "वस्ताद एकदा आखाड्याकडं पाठ करून बसला, की त्याला आणायला गेलेल्या पोराला तो हार घालत नसतोय. पहिल्यांदा शिवीच घालतोय. पोरगं तरी बसून राहिलं तर मग शिकवतोय." गंगावेस आणि मोतीबाग तालमींच्या गावात हे स्पष्टीकरण कोणाला अनोळखी वाटले नाही. धाकटाही हसला. पण काकांनी स्वतः कातलेली मूठ कोणी अशी भिरकावली तर चालेल का, असे त्याने विचारलेच. काकांनी मूठ त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "टाक की. पडली तर पोचा येईल, काढू." त्याने टाकली नाही.

या रीतीचा फायदा दुसऱ्या बाजूलाही झाला, हे नोंदवायला हवे. चित्रपट आवडलेल्यांना कॅसिनोच्या शहराचा भाग क्रमाने सांगायला लावला तेव्हा त्यांची तारांबळ उडाली. फिन आणि रोझ ही दोन बंडखोर पात्रे तिथे ज्या कामासाठी जातात ते काम फसते, ज्याला शोधायला जातात तो मिळत नाही, आणि मुख्य कथेतील पाठलाग इतका संथ आहे की मधेच बाहेर जाऊन परत येता येते. अपयश हीच शिकवण असल्याचे ल्यूकचा जुना गुरू योडा याच्या तोंडून चित्रपट सांगतो, तेव्हा फसलेली मोहीम आशयाला धरून आहे, असा बचाव ताईंनी केला. मला तो अर्धाच पटला. आशयाला धरून असलेला भागही कंटाळवाणा असू शकतो, आणि हा आहे. ल्यूक, रे आणि कायलो यांचा धागा मात्र मी या मालिकेतील सर्वोत्तम लेखनात धरतो.

सभेअखेर धाकट्याने सांगितलेले मला सर्वांत प्रामाणिक वाटले: चित्रपट काय म्हणतो ते आता त्याला कळले होते, आणि तरीही त्याला ते नको होते. हा आक्षेप तसाच ठेवण्याजोगा आहे. डिसेंबरातला त्याचा आक्षेप वेगळा होता. तेव्हा चित्रपटाने आपल्याला फसवले असे तो म्हणत होता.

२०१९ आणि नंतर

डिसेंबर २०१९ मध्ये नववा भाग, 'द राइज ऑफ स्कायवॉकर', आला. एब्रम्स पुन्हा दिग्दर्शक होते आणि त्यांनी आठव्या भागाची उत्तरे फिरवली. रे ही सम्राट पाल्पटीनची नात निघाली, ल्यूकने शस्त्राचा मान राखायला हवा होता अशा अर्थाचे वाक्य खुद्द ल्यूकच्याच तोंडी आले, आणि रोझचे पात्र जवळजवळ पडद्याआड गेले. दोन वर्षांपूर्वीची मागणी पुरवली गेली होती. जगभरात समीक्षकांचा कौल पन्नासच्या आसपास आणि प्रेक्षकांचा त्याहून बराच वर, असे चित्र उलटे झाले. गल्ला सुमारे १०७ कोटी डॉलर, म्हणजे आठव्याहूनही कमी.

गटात मी धाकट्याकडून समाधानाची अपेक्षा केली होती. त्याला तोही चित्रपट आवडला नाही. त्याचे कारण ऐकण्यासारखे होते: रे कोणाची तरी असावी असे त्याला वाटत होते, पण आठव्या भागात ती कोणाचीच नाही हे तिने इतक्या यातनेने पचवल्यावर आता तिला घराणे चिकटवणे म्हणजे तिच्या त्या यातनेवर पाणी ओतणे झाले. म्हणजे नकळत त्याने आठव्या भागातली रे स्वीकारलेली होती. सरांना नववा भाग आवडला. ल्यूकच्या एका वाक्यासाठी, असे ते मोकळेपणाने सांगतात. ताईंना रोझला दिलेली वागणूक खुपली आणि त्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहिलेला नाही. काकांनी तो वरकडच्या खात्यात टाकला.

बैठका पुन्हा सुरू झाल्या आहेत, आधीपेक्षा विरळ. व्हॉट्सॲपचा गट बंद करण्यात आला. निरोप आता थोरला भाऊ एकेकाला वेगळा पाठवतो, कारण ताई पुन्हा कोणत्याही गटात यायला तयार नाहीत, पण बैठकीला येतात. व्यापारी येतो तेव्हा मागे बसतो. नव्या सभासदाला मालिका कोणत्या क्रमाने दाखवावी यावर अजून एकमत नाही. सरांचे म्हणणे १९७७ पासून प्रदर्शनाच्या क्रमाने, धाकट्याचे म्हणणे सातव्यापासून. आठवा भाग दाखवण्यापूर्वी त्यावरचा वाद सांगायचा नाही, एवढे मात्र सगळ्यांनी मान्य केले आहे, आणि ही सूचना धाकट्याची होती.